रिकाम्या रांगांचा बंदोबस्त

सबूररावांनी पहिली रांग पुसली तेव्हा त्यांना वाटलं, आपण वाटेतली एक काडी उचलून बाजूला टाकली. ती काडी नव्हती. गंजीच्या बुडाची पेंढी होती.

रांग म्हणजे माणसांची रांग नव्हे. हे सबूररावांना आयुष्यात इतक्यांदा सांगावं लागलंय, की आणखी एकदा सांगून त्यांच्या जिवाला काही होणार नाही. त्यांची कंपनी चष्मे विकते. शहरभर दुकानं आणि शहराबाहेर भिंगं घासायचा एक कारखाना. दुकानात गिऱ्हाइकाचे डोळे तपासले की निरोप निघतात. उजव्या भिंगाचा वेगळा, डाव्याचा वेगळा, चौकटीचा तिसरा. पण निरोप निघाला म्हणजे कारखान्यातलं यंत्र हात पसरून बसलेलं असतं असं नाही. ते दुसऱ्या कामात असतं, नाहीतर बिघडलेलं असतं. म्हणून प्रत्येक दुकानात एक ब्रोकर बसवलाय. ब्रोकर म्हटलं की घर दाखवून दोन्हीकडून खाणारा इसम डोळ्यापुढे येतो. हा तसला नव्हे. हा संगणकातला प्रोग्राम आहे. तो खात नाही, आणि म्हणूनच कचेरीत त्याला कुणी मान देत नाही. तो निरोप घेतो, रांगेत उभा करतो आणि घेणारा आला की त्याच्या हातात देतो. घेणारा तासाभरानं येवो की महिन्यानं, निरोप जागचा हलत नाही. इतकी निष्ठा माणसांत असती तर निम्मी कोर्टं ओस पडली असती. एका दुकानाचा ब्रोकर शेजारच्या दुकानाच्या ब्रोकरशी बोलतो, तो त्याच्या शेजाऱ्याशी, आणि असं हे जाळं शहरभर पसरलेलं.

हे जाळं सबूररावांनी एकट्यानं विणलं होतं आणि झकास विणलं होतं. एकही निरोप कधी हरवला नाही. खोट एवढीच, की नवी रांग सुरू करायला कुणाची परवानगी लागत नव्हती आणि जुनी बंद करायची कुणाला आठवण होत नव्हती. दुर्बिणींचा विभाग निघाला, रांग आली. विभाग बुडाला, रांग उभीच. मालकीणबाईंच्या दिरांनी गॉगलची योजना काढली. ती एका उन्हाळ्यात आटोपली, दीर दुसऱ्या धंद्यात बुडायला निघून गेले, रांग मागं उभीच. कुणीतरी करून पाहिलेली 'चाचणी', तिची बहीण 'चाचणी-नवी', तिची 'चाचणी-शेवटची' आणि घराण्यातलं शेंडेफळ 'चाचणी-शेवटची-आता-खरंच'. लग्नघरातली पाहुणेमंडळी बरी. ती निदान जेवण संपल्यावर निघतात.

रिकामी रांग कुणाला चावत नाही, हे खरं. पण रोज सकाळी ब्रोकर उठला, की त्याला ती उभी करावी लागते, तिच्यापुरती जागा अडवावी लागते आणि शेजाऱ्याला कळवावं लागतं की ही आहे बरं का अजून. शेजारी त्याच्या शेजाऱ्याला कळवणार. अशा शेकड्यांनी रांगा. दुकानं उघडायची, गिऱ्हाईक खुर्चीत बसायचं, भिंतीवरची अक्षरं वाचून संपवायचं, कंटाळून पाठ करायचं, आणि ब्रोकर आपला जांभया देतोय. मग दुकानांतून फोन यायचे आणि आपले हे गृहस्थ फोनमध्ये म्हणायचे, "सबूर." त्यावरूनच त्यांना सगळे सबूरराव म्हणू लागले. खरं नाव पगाराच्या कागदावर आहे, तिथं ते सुखी आहे.

अशात मालकीणबाईंनी, म्हणजे मोठ्या बाईंनी, त्यांना खोलीत बोलावलं. मोठ्या बाई तोलूनमापून बोलणाऱ्या. शेजारच्या खुर्चीत एक टायवाला बसलेला होता. बाहेरच्या कंपनीचा. तो हसत होता. तो नेहमीच हसत असे, त्याचे त्याला पैसे मिळत.

"सबूरराव," बाई म्हणाल्या, "सोमवारी नवं दुकान उघडतंय. त्या सकाळी यंत्रं वेळेवर उठली, तर तुमचं जाळं राहील. नाही उठली, तर ते काढायचं आणि यांचं बसवायचं."

"आणि मी, बाई?"

"नव्या दुकानात काउंटरवर माणूस हवाच आहे."

ज्या माणसानं शहरभरच्या यंत्रांना एकमेकांशी बोलायला शिकवलं, त्यानं मऊ फडक्यानं चौकटी पुसत 'हा तुम्हाला खुलून दिसतोय' म्हणायचं! सबूररावांचे कान लाल झाले. पण ते फक्त "बरं" म्हणाले. अपमान गिळायची त्यांना इतकी सवय, की तो त्यांना औषधासारखा जेवणानंतरही चालतो.

घरी आल्यावर बायकोला सांगितलं. ती शाळेत गणित शिकवते. त्यामुळं तिला जगातली प्रत्येक गोष्ट सोपी वाटते आणि माणसं ती उगाच अवघड करतात असं वाटतं. तिचं बरोबर आहे.

"अहो, मग पुसून टाका ना त्या रांगा."

"अगं, कुणाला लागत असली तर?"

"लागत असली तर ओरडेल तो. ओरडला की परत करून द्या."

एवढ्यात वरच्या मजल्यावरचे वकीलसाहेब आले. ते चार्जर मागायला आले होते, पण वकील माणूस, दुसऱ्याच्या घरात वाद चालू असताना नुसता चार्जर घेऊन परत जाईल तर सनद परत करावी लागेल. ते बसले.

"पुसता? असं कसं पुसता? समोरच्याला म्हणणं मांडायची संधी दिली का? नैसर्गिक न्याय म्हणून काही चीज आहे की नाही?"

"वकीलसाहेब, रांग रिकामी आहे. तिच्यात कुणीच नाही."

"मग तर जास्तच जपायला हवं. गैरहजर पक्षकार नंतर फार त्रास देतो. नोटीस काढा. ज्याला कुणाला हरकत असेल त्यानं कळवावं, नाहीतर पुढं बोलायचा हक्क नाही. झालं!"

"काही नोटीस-बिटीस नको," बायको म्हणाली. "विचारलं की लोकांना हवं होतं. तुम्ही माझ्या वर्गात विचारा, ही मोडकी पट्टी कुणाला हवी? चाळीस हात वर."

पण सबूररावांचा स्वभाव असा, की ज्या सल्ल्यानं काम लांबतं तो त्यांना सभ्य वाटतो. त्यांनी नोटीस काढली. सगळ्या रांगांची नावं खाली देऊन नम्रपणे लिहिलं, की यांतली एखादी आपल्या उपयोगाची असल्यास कळवावं.

नोटीस पोचेपर्यंत कंपनीतल्या एकाही जिवाला या रांगांची नावं ठाऊक नव्हती. नोटीस पोचली आणि सगळ्यांच्या जिवाभावाच्या झाल्या. पहिल्यांदा हिशेबनीस आले, हातात कागद फडकवत.

"दुर्बिणींची रांग आम्हाला अत्यावश्यक आहे!"

"कशासाठी, साहेब?"

"ते तुम्ही सांगा. तुमच्याकडची आहे."

"पण दुर्बिणी आपण विकतच नाही आता."

"म्हणून काय झालं? उद्या विकल्या तर?"

कारखान्याचे मास्तर फोनवर होते. मास्तर म्हणजे भिंगं घासणाऱ्या सगळ्या यंत्रांचे धनी, साधे मोकळे गृहस्थ. "सबूरराव, मला यांतलं काही नको बघा. पण हिशेबनिसांनी मागितली असेल तर माझ्याकडं पण एक असू द्या. नंतर म्हणायला नको, कारखान्याला कुणी विचारत नाही." जाहिरात विभागानं तर कळस केला. यादीत आपलं नाव कुठंच नाही हे पाहून ते दुखावले आणि त्यांनी निषेध म्हणून एक नवी रांग मागितली. ती द्यावी लागली. म्हणजे रांगा कमी करायला निघालेल्या माणसानं दोन दिवस खपून त्यांत एकीची भर घातली.

"म्हणजे प्रतिसाद मिळाला!" वकीलसाहेब चार्जर परत करायला आले होते, तेव्हा म्हणाले.

बायको बाजूला बसून वह्या तपासत होती. तिनं फक्त कुणाच्यातरी वहीवर एक लांबलचक फुली मारली.

दुसऱ्या दिवशी सबूररावांनी बायकोचा मार्ग धरला. गॉगलची रांग निवडली. दीर धंद्यातून गेलेले, गॉगल गेलेले, त्यामुळं ओरडायला कुणी उरलेलं नाही. त्यांनी ती पुसली आणि फोनकडं बघत बसले. कुणी ओरडलं तर परत करायची, हे ठरलेलं.

फोन वाजला. पलीकडून हिशेबनीस असे ओरडत होते, की फोन कानाला न लावताही ऐकू यावं.

"हे काय चाललंय? हे असं कसं बंद करता तुम्ही?"

सबूररावांचा हात बटणाकडं गेला. "साहेब, लगेच परत करतो, पण तुम्हाला ती एवढी—"

"एवढी म्हणजे? घामानं कागद चिकटायला लागलेत माझ्या हाताला! पंखा आहे तो!"

हिशेबनिसांचा पंखा बंद पडला होता. कचेरीत काहीही बंद पडलं की ते सबूररावांनीच केलं, असा रिवाज आहे. ते गेले, टेबलावर चढले, पंखा सुरू केला, हिशेबनिसांनी 'मग आधीच का नाही केलंत' म्हटलं, ते खाली उतरले, आणि जागेवर येऊन बघतात तर पडद्यावर गॉगलची रांग परत हजर.

आपणच पुसायला विसरलो असू, असं त्यांना वाटलं. पुन्हा पुसली. चहा घेऊन आले. हजर. पुन्हा पुसली आणि डोळा न हलवता बसले. अंगणात हरळी उगवावी तशी ती त्यांच्या देखत उगवली. उन्हाळा नाही, दीर नाहीत, गॉगल नाहीत, आणि रांग मात्र ठाण मांडून उभी! क्षणभर त्यांचा टायवाल्यावर संशय गेला. पण टायवाल्याला हे जमणार नाही हे त्यांना माहीत होतं. त्यासाठी काम यावं लागतं.

मग त्यांनी कसून शोध घेतला. एका दुकानातली रांग पुसली, की शेजारच्या दुकानाचा ब्रोकर म्हणायचा, "अरे, ती रांग कुठंय? माझ्याकडं मागणी आहे." की पहिला बिचारा पुन्हा उभी करायचा. मग शेजारची पुसावी, तर पहिला म्हणायचा, "अरे, तुझ्याकडची कुठंय? माझ्याकडं मागणी आहे." दोघांपैकी कुणाकडंही खरा घेणारा नव्हता. पण दोघंही दुसऱ्याच्या शब्दाला इतके जागणारे, की एकाची मेलेली रांग दुसरा आपल्या खांद्यावर घेऊन उभा. चिडावं की हात जोडावेत, असा प्रश्न सबूररावांना पडला. ही यंत्रं त्यांनीच अशी घडवली होती. कुणाचं काही हरवू नये, म्हणून.

एक उपाय होता. सगळ्या दुकानांत ती रांग एकाच क्षणी पुसायची, म्हणजे कुणी कुणाला आठवण करून देणार नाही. सबूररावांनी सगळ्या दुकानांच्या व्यवस्थापकांना एकाच फोनवर घेतलं.

"मी एक, दोन, तीन म्हणेन. तीनला सगळ्यांनी गॉगलच्या नावावर जाऊन पुसायचं बटण दाबायचं. समजलं?"

"तीन म्हणताना, की तीन म्हणून झाल्यावर?" एका व्यवस्थापकानं विचारलं.

"तीन म्हणताना."

"म्हणजे 'ती'ला, की 'न'ला?"

"तुम्ही दाबा हो! एक—"

"मी दाबलं," दुसरा म्हणाला.

"अजून तीन झालेले नाहीत!"

"मला गिऱ्हाईक आलंय. मी नंतर दाबतो," तिसरा म्हणाला, आणि फोनमधून त्याचा 'या, या, बसा' असा आवाज आला.

"दोन—"

"आम्ही गॉगल कधी विकायला घेतले?" चौथीनं विचारलं. ती नवीन होती.

"तीन!"

बटणं दाबली गेली. कुणाचं आधी, कुणाचं मागून. गॉगलची रांग क्षणभर नाहीशी झाली आणि नंतर जोमानं परत आली. एवढ्यावर भागलं असतं तर ठीक. पण एका उत्साही व्यवस्थापकानं घाईत गॉगलची सोडून तिच्या खालचीच पुसली. खालची होती डाव्या भिंगांची, चांगली जितीजागती. कारखान्यात जाणारे शहरभरचे निरोप त्याच्याच ब्रोकरमधून पुढं जात, ते त्या दिवसाचे सगळे गेले. संध्याकाळी मास्तरांचा फोन.

"काय हो सबूरराव, शहरातली माणसं आज एका डोळ्याची झाली का? सकाळपासून नुसती उजवी भिंगं घासतोय. टोपल्या भरल्या!"

सबूररावांनी त्या दिवशीच्या प्रत्येक गिऱ्हाइकाला स्वतः फोन केला आणि डाव्या डोळ्याचा नंबर पुन्हा विचारला. एक आजीबाई म्हणाल्या, "अरे, सकाळी तर सांगितला. एवढ्यात काय बदलतोय का?" शिव्या खाल्ल्या, पण एकाही गिऱ्हाइकाला त्यांनी दुकानात परत हेलपाटा पडू दिला नाही. चूक दुसऱ्याची होती, हे त्यांनी त्या व्यवस्थापकाला सोडून कुणालाही सांगितलं नाही, आणि त्यालासुद्धा 'होतं असं' एवढंच सांगितलं. ज्या कचेरीत घोटाळा झाला की आधी बोट वर होतं आणि मग डोकं, तिथं असा माणूस टिकून कसा राहिला, हेच आश्चर्य.

पण बातमी बाईंपर्यंत गेलीच. टायवाल्यानं ती हसत हसत नेली. सोमवार तोंडावर आलेला. बाईंनी सगळ्या विभागप्रमुखांची बैठक बोलावली. सबूरराव कोपऱ्यातल्या खुर्चीत. टायवाला बाईंच्या उजव्या हाताला, आपली आकर्षक चित्रं भिंतीवर लावून.

"एवढ्या रांगा लागतात कुणाला?" बाईंनी विचारलं. "हिशेबनीस?"

"मला वैयक्तिक म्हणाल तर एकही नको," हिशेबनीस म्हणाले. "पण कारखान्यानं मागितल्यात म्हणून आम्हीही ठेवल्यात."

"मी?" मास्तर उडालेच. "अहो, तुम्ही मागितल्या म्हणून मी हो म्हटलं! मला कशाला हव्यात? जाहिरातवाल्यांना लागतात."

"आम्हाला?" जाहिरातवाल्या बाई म्हणाल्या. "आमची तर यादीत एकही नव्हती. आम्हाला वाटलं हिशेबाला लागतात."

"मला नको म्हणतोय ना मी! पण मास्तरांना लागत असतील तर—"

"पण तुम्हाला लागतात म्हणून मी—"

कोपऱ्यात सबूररावांनी मान वर केली. हे बोलणं त्यांनी ऐकलेलं होतं. शब्द न् शब्द. पंखा फिरत होता, माणसं एकमेकांकडं बोटं दाखवत होती, आणि त्यांना समोर माणसं दिसेनात. दुकानांतले ब्रोकर दिसायला लागले. ते उठले.

"सबूरराव, बैठक चालू आहे," बाई म्हणाल्या.

"हीच बैठक माझ्या यंत्रांत चालू आहे, बाई. ती थांबवून येतो."

आणि आयुष्यात पहिल्यांदा ते परवानगीची वाट न बघता खोलीबाहेर पडले. मागं टायवाल्याचं हसणं तेवढ्यापुरतं थांबलं.

जागेवर जाऊन त्यांनी ब्रोकरांचा नियम बदलला. एकच नियम. शेजारी मागतोय म्हणून मागणी धरायची नाही. दारात खरा घेणारा उभा असेल तर रांग ठेवायची. रांगेत निरोप थांबलेला असेल तरी ठेवायची. यांतलं काही नसेल तर थोडा वेळ वाट पाहायची आणि रांग मोडून टाकायची, शेजारी काहीही म्हणो. एवढंच. असला नियम माणसांना लावला तर किती समित्या, किती पदं आणि किती जयजयकार जागच्या जागी विरून जातील! पण तो विषय वेगळा, आणि तो काढला की लोक उठून जातात.

नियम सगळ्या दुकानांत गेला. सबूरराव खुर्चीत टेकून बघत राहिले. आधी काही झालं नाही. मग गॉगल गेली. कुणी परत आणली नाही. दुर्बिणी गेल्या. चाचणी गेली, तिच्या बहिणी एकामागून एक गेल्या. जाहिरातवाल्यांची निषेधाची रांग, तीही गेली, तिच्यात कुणी एक निरोप टाकला नव्हता. ना आरडाओरडा, ना फोन. पडदा असा मोकळा होत गेला, जसं पाणी ओसरल्यावर नदीचं पात्र उघडं पडावं. सबूररावांच्या डोळ्यांत पाणी आलं म्हणायला हरकत नाही. ते म्हणतात, पंख्याची धूळ होती.

चालू कामाच्या रांगा जागेवर होत्या, धडधाकट. आणि त्यांच्याखेरीज दोन उरल्या. या दोन मात्र मोडेनात.

हातानं मोडता आल्या असत्या. दोन बटणं. बैठकीत टायवाला बसलेला, सोमवार दारात. कुणाला कळलंही नसतं. सबूररावांचं बोट बटणावर गेलंही. पण त्यांनीच केलेला नियम सांगत होता, की या दोघींपाशी काहीतरी आहे. त्यांनी बोट काढलं आणि आधी पहिली उघडून पाहिली, मग दुसरी. दोघींची नावं कागदावर लिहून घेतली. आणि उठून बैठकीत गेले.

बैठकीत अजून 'तुम्ही म्हणालात म्हणून आम्ही' चालूच होतं.

"बाई, झालं. सगळ्या गेल्या. कामाच्या सोडून दोनच उरल्यात."

"मग त्याही काढा."

"काढतो. पण आधी ऐका. एका रांगेचं नाव आहे 'तात्पुरती'. तिच्यात माल आहे, घेणारा नाही. दुसरीचं नाव 'मालक'. तिथं घेणारा उभा आहे, माल नाही."

"घेणारा कोण?"

"तुम्ही, बाई."

बाईंनी हातातलं पेन खाली ठेवलं.

"तुमच्या टेबलावरच्या पडद्यावर कोपऱ्यात तक्रारींची खिडकी आहे ना, ती त्या रांगेवर कान लावून बसलेली आहे. पहिलं दुकान उघडलं तेव्हापासून. आणि दुकानांत गिऱ्हाइकांसाठी जे बटण आहे, 'तक्रार थेट मालकांना', ते बसवणाऱ्यानं त्या वेळी 'तात्पुरती'ला जोडलं. नंतर बदलू म्हणून. कोण होता ते आता कळणार नाही, असल्या कामाला बाप नसतो. पण तक्रारी तेव्हापासून तिथं उभ्या आहेत. सगळ्या. रोज सकाळी ब्रोकर उठतो आणि आधी तो ढीग उचलतो. यंत्र उठायला उशीर होतो तो रिकाम्या रांगांमुळंही होत होता, पण खरं ओझं हे आहे."

"पण मला तर वर्षानुवर्षं एकही तक्रार आली नाही," बाई हळू म्हणाल्या. "मी प्रत्येक सभेत सांगते तसं."

"हो, बाई," मास्तर म्हणाले. "आम्ही टाळ्या वाजवतो."

कुणी हसलं नाही. बाईंनी टायवाल्याकडं पाहिलं.

"तुमच्या व्यवस्थेत हे सापडलं असतं?"

टायवाल्याला वाटलं, आपली वेळ आली. "मॅडम, आम्ही जुनं काहीच बघत नाही. सगळं पुसून कोऱ्यापासून सुरुवात. एकदम स्वच्छ!"

"म्हणजे हे सगळं गेलं असतं."

"एका मिनिटात, मॅडम."

"या तुम्ही," बाई म्हणाल्या. टायवाल्याला आधी कळलं नाही. मग तो चित्रं गुंडाळायला लागला. बाई सबूररावांकडं वळल्या. "जोडा."

"सगळ्या, बाई? फार आहेत. त्यातल्या जुन्या—"

"माझ्या नावानं आलेल्या आहेत ना? जोडा."

जगात मालक पुष्कळ असतात, आणि सत्य समोर आलं की 'उद्या बघू' म्हणणारे त्यांत बहुतेक असतात. ही बाई पदर खोचून आपल्या खुर्चीत जाऊन बसली. सबूररावांनी 'तात्पुरती'चं तोंड 'मालक'च्या दिशेला वळवलं आणि निरोप धावत सुटले. इतकी वर्षं ताटकळलेले, पण ओळ न मोडता, पहिला आधी, शेवटचा शेवटी. पडद्यावर तक्रारी ओतायला लागल्या. 'उजव्या डोळ्याचं भिंग डाव्यात बसवलंय, आता मी उलटा बघू का?' 'मुलीच्या चष्म्याची काडी दुसऱ्यांदा तुटली, दुकानदार म्हणतो मुलीचा कान वाकडा.' 'इथला मनुष्य चांगला आहे, पण त्याला पगार कमी देता असं दिसतं.'

बाई एकेक वाचत होत्या. मोठ्यानं. हिशेबनीस, मास्तर, जाहिरातवाल्या बाई, सगळे दारात उभे. कुणी कुणाकडं बोट दाखवलं नाही.

"सोमवारी यंत्र उठेल?" वाचता वाचताच बाईंनी विचारलं.

"उठेल, बाई. त्याच्या छातीवरचं ओझं आता तुमच्याकडं आलंय."

"काउंटरवर दुसरा माणूस बघते." एवढंच. सबूररावांना खुर्चीची गरज भासली. पण त्यांना कुणी बसायला सांगितलं नव्हतं, म्हणून ते उभेच राहिले.

तेवढ्यात बाई एका तक्रारीपाशी थांबल्या. पहिल्या दुकानातली, अगदी सुरुवातीची. 'डोळे तपासायची खुर्ची मोडकी आहे. मी पडलो. पडल्यावर खालची ओळ जास्त स्पष्ट दिसली, हे मान्य करतो, पण खुर्ची दुरुस्त करावी.' खाली नाव आणि फोन नंबर. बाईंनी फोन उचलला, नंबर लावला आणि सगळ्यांना ऐकू जाईल असा टेबलावर ठेवला.

"नमस्कार. मी चष्म्याच्या दुकानाची मालक बोलतेय. तुमची खुर्चीबद्दलची तक्रार मिळाली."

पलीकडं आधी खोकला. मग एका म्हाताऱ्या माणसाचा आवाज.

"केव्हा मिळाली?"

"आत्ता."

"असं होय. मग दुरुस्त केली का खुर्ची?"

बाईंनी सबूररावांकडं पाहिलं. सबूररावांनी मास्तरांकडं, मास्तरांनी हिशेबनिसांकडं. हिशेबनिसांनी मान खाली घातली.

"नाही," बाई म्हणाल्या. "पण आज होईल. मी स्वतः बसून बघते. तुम्हाला तेव्हा लागलं होतं का फार?"

"छे हो. आता मी दुसऱ्या दुकानातून घेतो चष्मा."

"बरा मिळतो का तिथं?"

"बरा मिळतो." म्हातारा थांबला. "खुर्ची त्यांचीही मोडकीच आहे. पण तिथं तक्रार करायची मला काही सोय सापडली नाही."

बाईंनी आभार मानले, फोन ठेवला आणि पडद्याकडं बघत म्हणाल्या, "सबूरराव, खुर्ची ओढा आणि बसा. पुढची वाचा."